चाडी कुणाच्या तोंडची?

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चंदगडकडचा पाऊस, व्हरांड्याचं गळकं छप्पर, दुसरीची २४ मुलं आणि मधल्या सुट्टीनंतर टेबलाला पडणारा गराडा, सगळं वाचलं. "बाई, ह्यो माझी चाडी सांगतोय" हे वाक्य लिहून तू त्याखाली दोन रेघा ओढल्यास. चाडी म्हणजे नेमकं काय, आणि दिवसाला वीस-वीस चाड्या आल्या तर शिकवायचं कधी, असं विचारलंस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे, म्हणून आधी शब्दच घेते.

पुस्तकात आपण चहाडी लिहितो, जुन्या लेखनात चाहाडी असंही सापडतं. बोलताना मधला ह गळतो आणि चाडी उरते. गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यात, बेळगाव-निपाणीकडे, खाली कोकणीत, सगळीकडे ही चाडी आहे. कन्नडमध्येही चाडीच म्हणतात. "चाडी हेळबेडा" म्हणजे चाडी सांगू नको. तेलुगूतही हा शब्द आहे. तू पुण्यात वाढलीस, तुझ्या कानावर चुगली जास्त पडली. ती फारसीच्या वाटेने आली. दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून बायका "चाडीचुगली" असा जोडशब्द सहज बोलून जातात. चाडी सांगतात, चाड्या करतात, आणि सांगणारा तो चाडीखोर. 'न्यायाची चाड' म्हणतो ती चाड मात्र वेगळी, तिथे अर्थ पर्वा असा आहे.

पेरणीच्या तिफणीला एक लाकडी वाटी बसवलेली असते, तिला चाडं म्हणतात. पेरणारा त्यात मुठीने बी सोडतो, वाटीच्या बुडाला तीन भोकं असतात, त्यांतून तीन नळे खाली जातात आणि एका मुठीतलं बी तीन ओळींत पडतं. या चाड्याचं आणि चाडीचं मी नातं लावत नाही, कानाला सारखं वाटतं एवढंच. पण चाडी कशी पसरते हे समजायला मला याहून चांगलं अवजार माहीत नाही. सांगणारा एकाच कानात टाकतो, उगवतं तीन घरांत, आणि उगवल्यावर मूठ कुणाची होती ते ओळींवरून कळत नाही.

आता या शब्दाचं व्याकरण बघ, तिथेच सगळी मेख आहे. "माझी तक्रार आहे" म्हटलं तर तक्रार करणारी मी. "बाईंकडे माझी तक्रार केली" म्हटलं तर तक्रार माझ्यावरची. एकच शब्द दोन्हीकडे वळतो. चाडी तशी वळत नाही. "माझी चाडी" ही नेहमी माझ्याविरुद्धचीच. आणि "बाई, मी चाडी सांगायला आलोय" असं कुठलंही मूल म्हणत नाही. आलेलं मूल म्हणतं, "बाई, सांगू?" त्याच्या सांगण्याला चाडी हे नाव देतो तो पाठीमागून धावत आलेला दुसरा, ज्याच्यावर बोट आहे तो. म्हणजे हा शब्द आरोपीच्या बाजूचा आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याने तो उचलला की निवाडा ऐकण्याआधीच झाला. "चाड्या सांगत बसू नकोस, जा जागेवर" असं बाई म्हणाल्या की त्यांनी नकळत एका बाजूचं वकीलपत्र घेतलं. ताई, हा शब्द मुलांच्या तोंडी राहू दे, त्यांच्या बोलीतला आहे, टोकू नकोस. तुझ्या तोंडी मात्र तो येऊ देऊ नकोस.

मग तू काय म्हणायचं? मराठीत या कामाचे इतके शब्द आहेत की निवड करता येते, फक्त प्रत्येकाचं वजन ठाऊक हवं. कागाळी वर जाते, मोठ्याकडे, आणि तिला दाद हवी असते. चाडीही वरच जाते, पण तिला दुसऱ्याला मार बसलेला बघायचा असतो. लावालावी आडवी चालते, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे, मधला माणूस दोघांचाही होऊन. कान भरणं हे थेंबाथेंबाचं काम, एकच कान धरून महिनोन्महिने. कुटाळकीला काहीच नको असतं, चार जणांना वेळ घालवायचा असतो. किटाळ म्हणजे खोटा आळ. आणि तक्रार हा मूळ अरबी शब्द, त्याचा अर्थ पुनरुक्ती, तेच पुन्हा पुन्हा करणं. मला तो अर्थ फार पटतो, कारण पहिल्या वेळी कुणी ऐकलं नाही की माणूस तेच परत परत म्हणतो. दुसरीतल्या मुलांसाठी यातलं काहीच लागत नाही. "सांगणं" एवढं क्रियापद पुरतं. "काय सांगायचंय?" बस.

सहा-सात वर्षांची मुलं इतकं का सांगतात, तेही समजून घे, म्हणजे राग येणार नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी गोट्या खेळणारी मुलं पाहून मांडलं होतं की लहान वयात नियम हा मोठ्यांनी दिलेला, न बदलणारा वाटतो. नियम आपण मिळून ठरवतो ही समज दहाव्या वर्षाच्या आसपास पक्की होऊ लागते. म्हणून "बाई, त्यानं चपला घालून वर्गात पाय टाकला" हे सांगताना तुझी मुलं कुणाचा काटा काढत नसतात. नियम मोडला म्हणजे भिंत पडली, आणि भिंत पडली हे बाईंना कळायला हवं, इतकं ते सरळ असतं. काही जण वस्तूसाठी येतात, खोडरबर नाहीतर पाटीवरची पेन्सिल. काही शिवीसाठी, विशेषतः आईवरून दिलेल्या. काही जण फक्त तुझ्याजवळ उभं राहायला येतात, बाकी निमित्त. आणि एक प्रकार ओळखायला शीक: ज्याने मारलेलं असतं तोच आधी पळत येतो. मार खाल्लेलं मूल रडत मागे राहतं. त्यामुळे जो पहिला आला तो खरा, हा हिशेब करू नकोस.

आता हातात काय धरायचं ते. मूल आलं की उभ्याने ऐकू नकोस, खाली बस, डोळे त्याच्या पातळीला आण. याला तीन सेकंद लागतात आणि त्याचा आवाज निम्म्यावर येतो. मग तीनच प्रश्न, याच क्रमाने. कुणाला लागलंय का, किंवा लागेल असं काही चाललंय का? तुझं काय झालं? आणि मी काय करू? पहिल्याचं उत्तर हो आलं तर पुढचे प्रश्न बाजूला, उठून जायचं. विहिरीचा कठडा, लोंबणारी वायर, कपारीतला साप, कंपासचं टोक, यांच्यासाठी चौकशी नसते. दुसऱ्या प्रश्नाला "माझं काही न्हाई, पण त्यानं" असं उत्तर आलं, तर "बरं, मला कळलं" म्हणायचं आणि जागेवर पाठवायचं. त्याला गप्पही करायचं नाही आणि शाबासकीही द्यायची नाही.

खरी चाळणी तिसरा प्रश्न. "माझी पेन्सिल मिळवून द्या" असं म्हणणारं मूल दाद मागतंय, त्याला दाद दे. "त्याला मारा", "त्याला उभं करा" असं म्हणणाऱ्याला आधी सांग की मारणं माझ्या हातात नाही, मग पुन्हा विचार, तुला काय परत हवंय? बहुतेक वेळा दुसऱ्या उत्तरात खरी गोष्ट येते. आणि जे मूल या प्रश्नाला गप्प राहतं, नखं कुरतडतं, पायाकडे बघतं, त्याला जागेवर पाठवू नकोस. त्याला तुझ्यासोबत एखादं काम दे, वह्या गोळा करायला किंवा खडू आणायला. हात कामात असले की जीभ सुटते. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

दोघांना समोरासमोर उभं करून "खरं काय ते बोला" हा प्रकार वर्गासमोर कधीच करू नकोस. धीट मूल जिंकतं, खरं बोलणारं हरतं. एकेकाला बाजूला घे, आणि आधी जे कमी बोलतं त्याला. "तू मारलंस का?" असं विचारलं की उत्तर नाही हेच येणार. "काय झालं, पहिल्यापासून सांग" म्हण. पहिल्यापासून हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण चाडी खोटी होते ती बहुधा खोटं बोलून नाही, तर वाक्याचं डोकं कापून. "ती मला म्हणाली आमच्या घरी येऊ नको." हे खरंच म्हणालेली असते. पण त्याआधी "बाळाला ताप आलाय" हे म्हणालेली असते, ते कापलं गेलं. मग आवाज बदलला जातो, साधं म्हटलेलं ठसक्यात म्हणून दाखवलं जातं, आणि तिखटमीठ म्हणतात ते एवढंच असतं. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत दुसऱ्याच श्लोकात सत्यही आहे आणि अपैशुनही, म्हणजे चाडी न करणं. दोन्ही वेगळे मोजले आहेत. सत्य बोलूनही चाडी होऊ शकते हे त्या यादीने धरून ठेवलं आहे.

मुलांना तुझ्याकडे यायच्या आधी आपसांत म्हणायची वाक्यंही दे. आठ दिवस परिपाठानंतर पाच-पाच मिनिटं, दोघादोघांच्या जोड्या करून. "थांब, मला आवडत नाही." "ती माझी आहे, परत दे." "आधी मी होतो, माझ्यानंतर तू." वाक्यं छोटी हवीत, त्यांच्या बोलीत हवीत, आणि मोठ्या आवाजात म्हणायला लावायची, कारण पुटपुटलं तर समोरच्याला हसू येतं. एकदा म्हणून ऐकलं नाही तर बाईंकडे यायचं, हा नियम त्यांना पक्का सांग. मात्र मार, रक्त, आणि अंगाला हात लावणं यांत आधी वाक्य म्हणायची गरज नाही, थेट यायचं. हा अपवाद दर वेळी जोडून सांग. तो गाळला तर पहिला नियम घातक होतो.

आता ज्याच्यावर मला जरा जास्तच बोलायचंय ते. तू लिहिलंस की तू पंचायतीत गेलीस की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितो. ते उद्यापासून बंद कर. आपल्या शाळांत ही रीत इतकी मुरली आहे की कुणाला खटकत नाही, पण मुलांना चाडीचं शिक्षण मिळतं ते इथे, आणि सरकारी खडूने. काय घडतं ते बघ. नाव लिहायचा अधिकार मिळाला की नाव पुसायचाही मिळतो. पुसायला चिंच, बोरं, स्टिकर, दोन रुपयांची पेप्सी असा भाव ठरतो. परत बोलला तर नावापुढे फुली, मग दोन फुल्या, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यापुढे फुल्या भराभर वाढतात. मॉनिटरचे मित्र बोलले तरी फळ्यावर येत नाहीत. तू परत येऊन त्या यादीवरून रागावलीस की तुझ्या रागाची किल्ली सात वर्षांच्या पोराच्या खिशात गेली. मॉनिटरलाही ते बरं नाही, सुट्टीत तो एकटा पडतो. त्याला मोजता येतील अशी कामं दे: हजेरीची संख्या, खडू-डस्टर, पोषण आहाराच्या ताटांची मोजणी, पाण्याची टाकी भरली का. वर्ग सोडून जायचंच असेल तर फळ्यावर पाच मिनिटांचं काम लिहून जा आणि शेजारच्या वर्गाच्या गुरुजींना दार उघडं ठेवायला सांग.

मधल्या सुट्टीनंतरचा गराडा मोडायला पहिली पाच मिनिटं सांगण्यासाठी राखून ठेव. घड्याळ दाखव. रांगेत एकेक येईल, कानाशी सांगेल, तू वहीत टिपशील. वहीला चार रकाने आख: तारीख, कुणी सांगितलं, काय आणि कुठे, मी काय केलं. चौथा रकाना रिकामा ठेवू नकोस. काही केलं नसेल तर "ऐकून घेतलं" असं लिही. टिपताना दिसलं की मुलांचा अर्धा जीव निवतो. वही कपाटात कुलपाखाली ठेव आणि त्यातलं कुठलंही नाव वर्गात वाचू नकोस.

महिन्याने ती वही आडवी नाही, उभी वाच. सांगणाऱ्यांच्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर ते मूल एकटं आहे, त्याला जोडीदार हवाय. ज्याच्यावर सांगितलं जातं ते एकच नाव येत असेल तर दोन शक्यता असतात, तो खरंच त्रास देतोय, किंवा वर्गाने त्याच्यावर खापर फोडायचं ठरवलंय. सांगणारे वेगवेगळ्या बाकांवरचे, वेगवेगळ्या वाडीचे असतील तर पहिली शक्यता धर. एकाच टोळीचे असतील तर दुसरी. आणि जागेचा शब्द बघ. नळकोंडाळं, स्वच्छतागृहामागची बोळ, शाळेच्या वाटेवरचा ओढा, यांतलं एखादं ठिकाण सारखं येत असेल तर मुलांना समजावण्यात वेळ घालवू नकोस, त्या वेळी तिथे मोठं माणूस उभं कर. निम्म्या चाड्या जागेच्या असतात, मुलांच्या नसतात.

आता ते गप्प राहणारं मूल. मोठ्या माणसाने किंवा मोठ्या मुलाने नको तिथे हात लावलेला असतो, तेव्हा तोही हेच म्हणतो: "सांगितलंस तर चाडीखोर." घरात, शाळेत, गल्लीत, जिथे जिथे "चाड्या करू नये" हे सरसकट शिकवलेलं असतं तिथे त्याचं काम अर्धं झालेलं असतं. हा शब्द तुझ्या तोंडी नको म्हणते, त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

असं काही मूल बोललं तर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव, त्याने शरीरासाठी वापरलेले घरगुती शब्दसुद्धा बदलू नकोस. तारीख आणि वेळ टाक. "मग काय झालं?" यापेक्षा जास्त विचारू नकोस, खोदून विचारणं तुझं काम नाही, आणि तेच तेच पाच जणांना सांगायला लागलं की मूल मिटतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस, कारण ते मोडावं लागणार. "तू सांगितलंस हे बरं केलंस, तुझी चूक नाही, आता मी मदत आणते" एवढंच म्हण. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला बोलावून विचारू नकोस, आणि आधी शाळेच्या समितीची बैठक घेऊ, गावात मिटवू, यात अडकू नकोस. पोक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं किंवा तशी भीती वाटली त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र ठपका येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, शक्यतो महिला असते, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवत नाहीत. आईवडील घाबरलेले असतात, त्यांना हे सांगितलं तर थोडा धीर येतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक वर्गात मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लाव.

तक्रारपेटी शाळेत आहे म्हणालीस. ती कुठे आहे ते बघ. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी असेल तर कुणी चिठ्ठी टाकणार नाही, सगळ्यांना दिसतं. वळणावर, पाणी प्यायला जाताना हात जाईल अशी हवी, आणि पहिलीच्या मुलाचा हात पोचेल अशी, साधारण तीन फुटांवर. दुसरीची मुलं नीट लिहित नाहीत, त्यांना चित्र चालेल असं सांग. आठवड्यातून ठरल्या दिवशी, दोघांनी मिळून उघडायची.

मोठ्यांच्या चाड्यांचं थोडक्यात. नवीन बाई आल्या की गाव कान घेऊन येतं. "सांगू नये पण", "तुम्हाला म्हणून सांगते", "माझं नाव येऊ देऊ नका", "मला काय त्याचं, पण" ही चार वाक्यं कुणी सुरुवातीला लावली की पुढे काय येणार ते समज. तोंडावर अपमान करू नकोस. "त्या आल्या की तिघी बसून बोलू या" एवढं म्हण. पुढचं वाक्य बहुधा येत नाही. आलंच, तर ते ऐकण्याजोगं असतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कुणाला खरंच दाद हवी असेल तर ती जागा आहे, तिथे ये म्हणून सांग.

बाबांबरोबर २०० पानी वही पाठवतेय, रकाने आखून दिलेत पहिल्या वीस पानांना. कपाटासाठी कुलूपही आहे, दोन किल्ल्यांचं. एक तुझ्याजवळ आणि एक पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांकडे ठेव. फळ्याचा तो कोपरा आधी पुसून घे. पहिला पंधरवडा झाला की नावं न लिहिता मला कळव, कोणती जागा जास्त वेळा येते ते. मला वाटतं नळकोंडाळंच असेल, पण तू वही बघून लिही.

तुझी,
आई